आसनाआधीची बैठक

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारी एस. टी. गाडी सकाळच्या वेळी बहुधा भरलेली असते. कोणी देवदर्शनास निघालेला असतो, कोणी शाळेला वा कचेरीला, तर कोणी भाजीची रिकामी टोपली घेऊन आपल्या गावी परतत असतो. या गर्दीत कधी कधी एखादा परदेशी प्रवासीही आढळतो. पाठीवर मोठी पिशवी, तिला बांधलेली बसायच्या जाजमाची गुंडाळी, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर थोडा गोंधळ. वाहक तिकिटासाठी हात पुढे करतो. पाहुण्याला उतरण्याच्या गावाचे नाव धड उच्चारता येत नाही. मग तो कागदावर लिहून आणलेले नाव दाखवतो, आणि शेजारी बसलेल्या आजीबाई आपली पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून देतात.

हा पाहुणा कोठून येतो आणि येथे कशासाठी येतो? तो जर्मनीतून, जपानमधून किंवा अमेरिकेतून आलेला असतो, आणि त्याला योगविद्या शिकायची असते. नाशिकमध्ये योगाचार्य विश्वासराव मंडलिक यांनी १९७८ साली योग विद्या धामाचे पहिले केंद्र सुरू केले. पुढे १९९४ साली त्यांनी योग विद्या गुरुकुल स्थापन केले. त्यांच्या कार्याबद्दल २०१८ साली त्यांना योगप्रसाराचा पंतप्रधान पुरस्कार देण्यात आला. नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी या डोंगरांच्या सान्निध्यात, देशोदेशींचे विद्यार्थी योग शिकण्यासाठी येऊन राहतात. महाराष्ट्रात अशी स्थाने आणखीही आहेत. मुंबईची योग संस्था १९१८ साली निघाली, तर लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केले.

मुलांनो, या पाहुण्यांची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्यापैकी जे जाणते असतात, ते वर्ग सुरू होण्याच्या दिवशीच येऊन थडकत नाहीत. वर्ग एक तारखेला सुरू होणार असेल, तर ते आधीच्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेलाच नाशिकात दाखल होतात. आठवडाभर काही न शिकता ते येथे नुसते राहतात. हा आठवडा फुकट गेला, असे आपल्याला वाटेल. वस्तुतः तसे नसते.

आपल्या मराठी भाषेत एक सुंदर शब्दप्रयोग आहे. नव्या गावी माणूस रुळला, म्हणजे त्याचा ‘जम बसला’ असे आपण म्हणतो. संसाराची घडी बसते, कामावर हात बसतो, दुकानाचे बस्तान बसते. या सर्व ठिकाणी ‘बसणे’ म्हणजे स्थिर होणे. ‘आसन’ हा शब्दही बसणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासूनच बनला आहे. म्हणजे ज्याला आसन शिकायचे आहे, त्याचा आधी जम बसला पाहिजे. हा जम कसा बसतो, ते आता पाहू.

समजा, बर्लिन शहरातील एक तरुणी हिवाळ्यात नाशिकला आली आहे. योगाच्या वर्गाचा दिवस पहाटेच सुरू होतो. आपल्या घड्याळात पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा बर्लिनमध्ये मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतात. तिने हातावरचे घड्याळ मुंबईच्या विमानतळावरच पुढे केलेले असते. परंतु शरीराच्या आत जे घड्याळ चालते, त्याचे काटे बोटाने फिरवता येत नाहीत. आपल्या मेंदूत एक लहानसे केंद्र आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून ते झोपेची, भुकेची आणि जागृतीची वेळ ठरवते. हे आतले घड्याळ स्थूलमानाने दिवसाला एक तास सरकते. म्हणजे बर्लिनच्या पाहुणीला चार-पाच दिवस लागणार. न्यूयॉर्कहून आलेल्याचे काय होईल? आपली पहाट ती त्याची आदल्या दिवसाची संध्याकाळ! त्याला तर आठवड्याहूनही अधिक काळ लागेल. उलट, टोकियोच्या पाहुण्याला आपल्या पहाटे पाचला साडेआठ वाजल्यासारखे वाटते. तो आपोआप जागा होतो, पण संध्याकाळी जेवता जेवता पेंगू लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे सकाळचा सूर्यप्रकाश. गोदावरीच्या काठी सकाळी फेरफटका मारणारा पाहुणा नकळत आपले आतले घड्याळ लावूनच घेत असतो.

झोपेनंतर पोटाचा प्रश्न येतो. आपल्याला साधी वाटणारी आमटी त्याच्या डोळ्यांत पाणी आणते, आणि नाशिकची मिसळ तर त्याला भलतीच झोंबते! परंतु तिखटापेक्षाही पाण्याची काळजी अधिक घ्यावी लागते. प्रत्येक प्रदेशाच्या पाण्यात आणि अन्नात तेथले सूक्ष्म जंतू असतात. आपल्या शरीराची त्यांच्याशी लहानपणापासून ओळख असते. पाहुण्याच्या शरीराची नसते. म्हणून तो पाणी उकळून वा गाळणयंत्रातून शुद्ध करून पितो. गरमागरम शिजलेले अन्न खातो, आणि केळ्या-संत्र्यांसारखी सालीची फळे स्वतः सोलून खातो. नाशिकची द्राक्षे पाहून त्याला मोह होतो. पण ती स्वच्छ पाण्याने धुतल्यावाचून तोंडात टाकायची नाहीत, हे तो एक-दोन दिवसांत शिकतो. एवढी काळजी घेऊनही एखाद्या वेळी पोट बिघडते. वर्गाच्या पहिल्याच दिवशी असे झाले, तर तो बिचारा पोटावर दाब देणारी आसने कशी करणार?

उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याची आणखी एक परीक्षा असते. थंड देशातील शरीराला घाम गाळण्याची सवय नसते. दहा-पंधरा दिवस उष्ण हवेत राहिल्यावर शरीर शहाणे होते. घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मिठाचे प्रमाण कमी होते. तोपर्यंत दुपारच्या उन्हात हिंडण्याचा हट्ट धरू नये. आपले शेतकरीही वैशाखात दुपारी झाडाखाली विसावतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आता बसण्याचेच पाहा. तुम्ही जेवायला पाटावर किंवा सतरंजीवर मांडी घालून सहज बसता. ज्या मुलाने जन्मापासून खुर्चीवरच बसून जेवण केले, अभ्यास केला, त्याच्या कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे जमिनीवर बसायला राजी नसतात. पाच मिनिटांत त्याच्या पायाला मुंग्या येतात. म्हणून शहाणा पाहुणा खोलीतली खुर्ची बाजूला सारतो. भाजी निवडताना, पत्र लिहिताना, चहा पिताना तो जमिनीवर बसतो. आधी पाच मिनिटे, मग दहा, मग पंधरा. कोणी शिक्षक समोर नसतो, तरीही आसनाचा अभ्यास सुरू झालेला असतो.

याखेरीज सरकारी कामेही असतात. परदेशी पाहुण्याने देशात शिरताना योग्य परवाना घेतलेला असावा लागतो. त्याला उतरून घेणाऱ्या यजमानाने तो आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ठरावीक नमुन्यात अधिकाऱ्यांना कळवावी लागते. ही कामे वेळेवर उरकली, म्हणजे मनावरचे एक ओझे उतरते.

पण शरीराची व्यवस्था लागली, तरी मनाचे काय? नवख्या गावातली पहिली रात्र फार मोठी वाटते. रस्त्यावरची कुत्री भुंकतात, वाहनांचे भोंगे वाजतात, पंखा घरघरतो. घरी आई या वेळी काय करीत असेल, असा विचार मनात येतो. आपण येथे उगाच तर आलो नाही ना, अशी शंकाही डोकावते. तुमच्यापैकी जी मुले शिक्षणासाठी वसतिगृहात राहिली असतील, त्यांना हा अनुभव सांगायला नको. मग हळूहळू दिवस जातात. कोपऱ्यावरचा दूधवाला ओळखीचे हसतो. ‘नमस्कार’, ‘पाणी’, ‘बस’, ‘थोडेच वाढा’ असे चार शब्द जिभेवर येतात. पहाटेची देवळातील घंटा आता त्रास देत नाही. ती उठण्याची खूण होते. गाव बदललेले नसते, माणूस थोडा बदललेला असतो.

पतंजली मुनींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी, असा त्यांचा क्रम आहे. योग म्हणजे केवळ आसने, असे पुष्कळांना वाटते. परंतु या क्रमात आसन तिसरे आहे. त्याच्या आधी अहिंसा, सत्य, अस्तेय इत्यादी यम येतात, आणि शौच, संतोष, तप इत्यादी नियम येतात. परक्या गावी मिळेल ते अन्न आनंदाने खाणे हा संतोष नव्हे काय? गैरसोय झाली तरी कुरकुर न करणे हे तप नव्हे काय? तेव्हा तो आठवडा विद्यार्थ्याने फुकट घालवलेला नसतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर तो पाऊल ठेवीत असतो.

या बाबतीत एका परदेशी स्त्रीची हकीकत मनात ठेवण्याजोगी आहे. युजेनी पीटरसन ही तिची मूळची ओळख. त्यांचा जन्म १८९९ साली रीगा या शहरी झाला. रशियातील राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना परागंदा व्हावे लागले. भारताची ओढ लागल्यामुळे १९२७ साली त्या आपल्या देशात आल्या. मुंबईच्या चित्रसृष्टीत त्यांनी ‘इंद्रादेवी’ हे नाव घेतले. चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीतील एका अधिकाऱ्याशी विवाह करून त्या मुंबईतच राहिल्या. त्यांनी येथल्या लोकांशी स्नेह जोडला. पुढे त्यांची प्रकृती बिघडली, आणि योग शिकण्याचा विचार त्यांच्या मनात बळावला.

म्हैसूर येथे त्या काळी कृष्णमाचार्य नावाचे थोर योगगुरू राजाश्रयाने योगशाळा चालवीत असत. भारतात सुमारे दहा वर्षे राहिल्यानंतर इंद्रादेवी त्यांच्याकडे गेल्या. गुरूंनी स्पष्ट नकार दिला. विद्यार्थी परदेशी, त्यातून स्त्री. तिला शिकवण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हैसूरच्या महाराजांनी रदबदली केली, तेव्हा ते राजी झाले. पण त्यांनी खाण्यापिण्याचे, झोपेचे व दिनक्रमाचे असे कडक नियम घातले, की ही बाई आपण होऊन निघून जावी. त्या गेल्या नाहीत. एकेक नियम त्यांनी निष्ठेने पाळला. गुरूंचे मन पालटले. पुढे पतीच्या बदलीमुळे इंद्रादेवींना चीनमध्ये जावे लागणार, असे कळले, तेव्हा ‘आता तू इतरांना योग शिकव’ अशी आज्ञा त्याच गुरूंनी त्यांना केली. १९३९ साली त्यांनी शांघाय येथे योगाचे वर्ग सुरू केले, आणि नंतर अमेरिकेत शेकडो लोकांना ही विद्या शिकवली. २००२ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या दारातून त्यांना परत पाठवले जात होते, त्याच दाराची कीर्ती त्यांनी जगभर नेली.

इंद्रादेवी म्हैसूरला गेल्या, त्याच सुमारास, म्हणजे १९३७ साली, कृष्णमाचार्यांचा एक अठरा वर्षांचा शिष्य उलट दिशेने महाराष्ट्रात आला. डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी तो पुण्यास आला होता. मुदत अवघ्या सहा महिन्यांची होती. त्याला मराठी येत नव्हते; इंग्रजीही बेताचेच होते. लहानपणीच्या दुखण्यांनी शरीर खंगलेले होते. शिकायला येणारे विद्यार्थी वयाने, शिक्षणाने आणि अंगबळाने त्याच्याहून वरचढ होते. कित्येकदा पोटभर अन्नही मिळत नसे. दुसरा एखादा घरी परतला असता. या तरुणाने मात्र रोज तासन् तास अभ्यास केला आणि पुण्यातच पाय रोवले. हाच तरुण पुढे बी. के. एस. अय्यंगार म्हणून जगात प्रसिद्ध झाला.

१९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईस आले असता त्यांची व अय्यंगारांची भेट झाली. मेन्युहिन अय्यंगारांचे शिष्य झाले, आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९५४ साली अय्यंगार स्वित्झर्लंडला गेले. १९७५ साली पुण्यात त्यांची योगसंस्था उभी राहिली. ज्या गावात एके काळी त्यांना कोणाशी बोलता येत नव्हते, त्याच गावी जगभरचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. पुण्यातच २०१४ साली त्यांनी देह ठेवला. सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा सत्त्याहत्तर वर्षे राहिला!

या दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे. इंद्रादेवींसाठी कोणीतरी शब्द टाकला. अय्यंगारांना पुण्यात कोणीतरी बोलावले. माणूस स्वतःच्या धीराने टिकतो, हे खरे. परंतु त्याला बसायला थोडी जागा कोणीतरी करून द्यावी लागते. एस. टी. गाडीतल्या त्या आजीबाईंनी मांडीवर पिशवी घेऊन केले, ते हेच.

आता जरा आपल्याकडे वळू. योग शिकायला आलेल्या पाहुण्याला गुरुकुलातील शिक्षक पहिल्या दिवशी भेटतात. पण त्याच्या कितीतरी आधी आपण त्याला भेटलेले असतो. रिक्षाचे भाडे त्याच्याकडून दुप्पट मागितले, तर अस्तेयाचा पाठ आपणच मोडला. रस्ता ठाऊक नसताना भलतीकडे बोट दाखवले, तर सत्य मोडले. त्याच्या उच्चारांना आपण घोळका करून हसलो, तर ती एक प्रकारची हिंसाच झाली. योगाची जन्मभूमी म्हणून ज्या देशाकडे तो इतक्या दुरून आला, त्या देशात त्याला योगाची पहिली पायरीच मोडकी दिसावी, हे आपल्याला शोभेल काय?

याउलट, योग्य भाडे घेणारा रिक्षावाला, ‘हे पाणी उकळलेले आहे’ असे आपण होऊन सांगणारी घरमालकीण आणि ‘अंजनेरी’ हा शब्द हळूहळू तीनदा उच्चारून दाखवणारा शाळकरी मुलगा, हे सारे त्या पाहुण्याचे पहिले गुरूच होत. त्यांनी एकही आसन शिकवलेले नसते. तरीही आसनाला लागणारी बैठक त्यांनीच घालून दिलेली असते.

आणि मुलांनो, आज तो पाहुणा आहे. उद्या तुम्हीही असाल. कोणी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जाल, कोणी समुद्रापार जाल. तेथली पहिली रात्र तुम्हांलाही मोठी वाटेल. अशा वेळी घाबरून जाऊ नका. सकाळी उठून थोडे चाला, तेथले चार शब्द शिका, मिळेल ते अन्न समाधानाने खा, आणि काही दिवस जाऊ द्या. तुमचाही जम बसेल. मग शिकायला जे आला आहात, त्याला खुशाल सुरुवात करा.

अभ्यास

१. योगाचा वर्ग सुरू होण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्याने आठवडाभर आधी येणे का हिताचे असते? पाठातील तीन कारणे सांगा.

२. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा हिवाळ्यात बर्लिनमध्ये किती वाजलेले असतात? त्याचा पाहुण्याच्या झोपेवर काय परिणाम होतो?

३. इंद्रादेवी आणि बी. के. एस. अय्यंगार यांच्या हकीकतींत कोणते साम्य आहे आणि कोणता फरक आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. ‘आपण त्याचे पहिले गुरू होतो’ या विचाराचे स्पष्टीकरण करा.

५. पुढील शब्दप्रयोग स्वतःच्या वाक्यांत योजा : जम बसणे, घडी बसणे, पाय रोवणे, शब्द टाकणे, परागंदा होणे.

६. तुम्ही नव्या गावी वा नव्या शाळेत गेला असाल, तर तेथला पहिला आठवडा कसा गेला, याविषयी दहा ओळी लिहा. तुम्हांला तेथे जागा कोणी करून दिली, हे लिहायला विसरू नका.